ओला वाटून रायला!

मे महिन्यातल्या एका दुपारी अकोल्याहून ताईचा फोन आला. "बापू, आत्ताच्या आत्ता ये. पोराले इंग्रजीत काहीतरी झालं."

मी अमरावतीला इंग्रजी शिकवतो. त्यामुळे नात्यागोत्यात कुणाला इंग्रजीत काही झालं की डॉक्टरसारखं मलाच बोलावतात. आजवर बँकेच्या नोटिसा, मिक्सरची गॅरंटी, खोकल्याच्या बाटलीतला घडी घातलेला कागद असे बरेच रोगी मी तपासले आहेत. पण पेशंट सख्खा भाचा आणि दुखणं ताजं, असा प्रसंग पहिलाच होता.

झालं होतं ते असं. पोरानं कॉम्प्युटरची पदवी घेतलेली. पुण्याच्या एका कंपनीनं त्याची ऑनलाइन मुलाखत घेतली. पंधरा दिवस झाले तरी हो नाही, की ना नाही. पोरगं पडलं सरळ. त्यानं अदबीनं विचारलं, की साहेब, मी कुठं कमी पडलो तेवढं तरी कळवा. आणि त्यांनी कळवलं. तेच दुखणं.

दुपारची एसटी धरली. अमरावती ते अकोला हा रस्ता साधासुधा नाही. ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत लोणी ते माना या पट्ट्यात सलग ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकलं गेलं आणि गिनीज बुकात नोंद झाली. शेजारच्या सीटवर एक धोतरवाले काका होते. वेळ जावा म्हणून त्यांना हे अभिमानानं सांगितलं. त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पंच्याहत्तर थे एका लेनचे. दोन लेनचा हिशेब कराल तं साडेसदतीस होते." हिशेब बरोबर होता. विक्रमही खराच होता. पण वऱ्हाडी माणसाच्या हातात आकडा दिला की तो आधी उलटा करून पाहतो, बाजारात वांगं घेताना देठ पाहतो तसा. हे काका मला पुढं दिवसभर आठवत राहिले.

घरी पोचलो तर भाऊजी बाहेरच्या खोलीत कूलरसमोर मोबाइल हातात धरून बसले होते. मला पाणीसुद्धा विचारायच्या आधी त्यांनी मोबाइल माझ्यापुढं केला.

"मास्तर, हे पाहा. वर काय लिवलं?"

"चव्वेचाळीस."

"अन् खाली?"

"फील्स लाइक एक्केचाळीस."

"मंग मधातल्या तीन डिग्र्या कोनं नेल्या?"

मी मास्तर आहे. प्रश्न विचारला की उत्तर बाहेर पडतं. मी सांगितलं, की आपल्याकडची हवा कोरडी. कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, अंगाला तेवढाच गारवा मिळतो. म्हणून पारा ४४ वर असला तरी अंगाला कमी भासतं. मुंबईला उलटं होतं, तिथं ३४ असले तर ४० भासतात. अशा हिशेबांच्या मुळाशी १९७९ साली रॉबर्ट स्टेडमन नावाच्या संशोधकानं मांडलेलं गणित आहे. त्यात त्यानं माणसाचं शरीर धरलं आणि त्याच्या अंगावरचं कापडही धरलं.

कापड म्हटल्यावर भाऊजींचा चेहरा जरा निवळला. आयुष्य जिनिंग फॅक्टरीत गेलेलं, कापूस पाहून त्याची प्रत सांगायची हा त्यांचा धंदा. पण समाधान झालं नाही. "म्हन्जे मुंबईवाल्याले सहा डिग्र्या वरून फुकट, अन् अकोलेवाल्याच्या तीन कापून घेतल्या. ऊन आमचं, अन् वजनात घट कोन धरून रायलं?"

हा मुद्दा तसाच सोडून आम्ही पेशंटकडे वळलो.

कंपनीचं पत्र सहा ओळींचं होतं. भाच्यानं ते वाचून दाखवलं. ताई स्वयंपाकघराच्या दारात, तिच्या सासूबाई जमिनीवर कैऱ्या चिरत, भाऊजी कूलरची दिशा धरून, अशी सभा बसली. पत्रातला मजकूर असा: यू सीम सिन्सिअर. यू ॲपिअर्ड अँक्शस. यू साउंडेड हेजिटंट. यू केम अक्रॉस ॲज अंडरकॉन्फिडंट. युवर प्रोफाइल लुक्स गुड ऑन पेपर. यू स्ट्रक अस ॲज ट्रेनेबल.

"झालं?" भाऊजींनी विचारलं.

"झालं."

"मंग घेतलं का नाई घेतलं?"

पत्रात तेवढंच नव्हतं.

मी खडू नसतानाही फळ्यापुढं उभा राहिलो. म्हटलं, इंग्रजीत एखादा माणूस आपल्याला कसा वाटला हे सांगायला क्रियापदांचं कपाटच आहे. डोळ्यांना वाटलं तर लुक, कानाला वाटलं तर साउंड, जिभेला वाटलं तर टेस्ट, नाकाला वाटलं तर स्मेल, कातडीला वाटलं तर फील. प्रत्येक इंद्रियाला वेगळा कारकून. आणि कोणत्या इंद्रियाला वाटलं हे सांगायचं नसेल तर सीम आणि ॲपिअर, हे दोघे हेड क्लार्क.

"अन् आपल्यात?" भाचा म्हणाला.

आपल्यात एक 'वाटणे' आहे. आणि त्यालाही एकच काम नाही.

"ताई, तू काय करून रायली?" मी विचारलं.

"चटनी वाटून रायली."

"पोराची नोकरी लागली तर काय करशील?"

"पेढे वाटीन."

"आणि लागंल का, तुला काय वाटतं?"

ताई बोलायची थांबली. मास्तरकी घरात करायची नसते हे तिनं नजरेनंच सांगितलं. पण मुद्दा भाच्याच्या लक्षात आला. चटणी, पेढे आणि अंदाज, तिन्ही आपण एकाच क्रियापदात भागवतो. 'लागणे'चंही तेच. आमरस गोड लागतो, ठेच लागते, नोकरी लागते, आंब्याला मोहोर लागतो आणि पोरीच्या नादी लागतो तोही लागतोच. बिचाऱ्या क्रियापदाला दिवसाची सुट्टी नाही.

मग एकेक ओळ घेतली.

ॲपिअर्ड अँक्शस. घाबरलेला दिसलास. ताई उसळली. मुलाखत होती दुपारी अडीचला. कूलरचा आवाज येतो म्हणून कूलर बंद केलेला. पंख्यानं कागद उडतात म्हणून पंखा बंद. रस्त्यावरचा भोंगेवाला भंगार मागत फिरतो म्हणून खिडकी बंद. वरून लांब बाहीचा शर्ट, गळ्यात टाय. पोराच्या कपाळावरून घामाच्या धारा नाकाच्या शेंड्यापर्यंत येत होत्या आणि पुसायला हात वर केला तर उद्धट दिसंल म्हणून तो पुसत नव्हता. पलीकडे पुण्यात एसीत बसलेल्या माणसाला दिसला फक्त घाम. त्यांच्याकडे घाम म्हणजे भीती. अकोल्यात घाम म्हणजे मे महिना.

साउंडेड हेजिटंट. अडखळत बोललास. "अडखयला नाई," ताई म्हणाली, "नेटवर्क अडखयलं." त्यांचा प्रश्न इथं पोचायला तीन सेकंद, याचं उत्तर तिथं पोचायला तीन सेकंद. एकूण सहा सेकंद गप्प बसलेला माणूस पुण्यात बावळट ठरतो. वऱ्हाडात सहा सेकंदांत माणूस नुसता घसा साफ करतो.

केम अक्रॉस. इथं मी चाचरलो. वीस वर्षं शिकवतो, पण या जोडीचा सरळ मराठी अर्थ एका शब्दात सांगता येत नाही. म्हटलं, म्हणजे समोरच्याला तू असा जाणवलास.

"अक्रॉस म्हन्जे आडवा ना?" भाऊजी म्हणाले. "मंग मांजरीवानी आडवा गेला म्हना की."

स्ट्रक अस. स्ट्राइक म्हणजे मारणे, हे भाच्याला माहीत होतं. तो घाबरून म्हणाला, "मामा, मी तर हातही हलवला नव्हता." त्याला धीर देण्यासाठी मी सांगितलं, की जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ हलक्या हातानं कुरवाळत जाणं असा होता, फटक्यावर तो नंतर आला. यावर सासूबाई कैरी चिरताना मान वर न करता म्हणाल्या, "आमच्या मास्तरचंबी तसंच होतं. आधी पाठीवरून हात फिरवे."

आता सीम. हा शब्द मुळात इंग्रजांचा नव्हेच. हजारेक वर्षांपूर्वी उत्तरेकडून नावा घेऊन आलेल्या वायकिंग लोकांच्या भाषेतून तो इंग्रजीत आला, आणि तिकडं त्याच्या मुळाशी अर्थ होता शोभणं, साजणं. अजूनही शोभणाऱ्या वागण्याला इंग्रजीत सीमली म्हणतात. हे सांगत असतानाच नातवानं पाय लांब केले आणि ते आजीच्या कैऱ्यांच्या ताटाला लागले. आजी म्हणाल्या, "मामासमोर पाय लांबवते, बरं दिसते काय?"

मी थक्क झालो. वायकिंगांचा सीम इथं अकोल्यात ताटाजवळ बसला होता. 'बरं दिसतं का' यातलं दिसणं डोळ्यांचं नाहीच. शोभतं का, असाच त्याचा अर्थ. ज्या गोष्टीसाठी मी शब्दकोशाची पानं चाळली ती आजींना पाय लांबवल्यावर आपोआप येते.

एवढा सगळा तास झाल्यावर भाऊजींनी एकच प्रश्न विचारला. तो विचारताना त्यांनी कूलरकडची मान माझ्याकडे वळवली, म्हणजे प्रश्न गंभीर होता.

"हे सगळं खरं मास्तर. पन हे वाटलं कोनाले?"

मी पत्र पुन्हा पाहिलं. यू सीम. यू ॲपिअर्ड. यू साउंडेड. प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी आमचा भाचा उभा केलेला. वाटणारा माणूस कुठंच नाही. एका ठिकाणी 'अस' होतं, पण ते 'अस' म्हणजे कोण? खाली सही होती: टीम.

वीस वर्षं मी फळ्यावर 'ही सीम्स टु बी ऑनेस्ट' लिहून त्याखाली 'तो प्रामाणिक असल्याचे दिसते' असं भाषांतर लिहीत आलो. पोरांनी ते उतरवून घेतलं, पेपरात लिहिलं, दोन मार्क मिळवले. कोणाला दिसते, हे त्यांनीही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ते विचारायला जिनिंगचा माणूस यावा लागला.

आपल्या रोजच्या बोलीत हे वाक्य असं उभंच राहत नाही. 'मले थो भेलेल्यावानी वाटला.' आधी मले, मग बाकी सगळं. वाटणं माझ्याकडे आलं, माझ्या दारात उभं राहिलं, मी ते घरात घेतलं. उद्या पोरगा वाघ निघाला तर चूक माझी. इंग्रजीतही 'टू मी' लावता येतं, नाही असं नाही. पण ते लोणच्यासारखं आहे, ताटात वाढलं तर वाढलं. आपल्याकडे मले ही भाकर आहे.

"पन मराठीतबी असते तसं," भाचा म्हणाला. पोरगं हुशार आहे. ते आतून एक कागद घेऊन आलं. कुठल्याशा कार्यालयातून आजोबांच्या शेताबद्दल आलेलं उत्तर: 'सदर अर्जासोबत आवश्यक कागदपत्रे जोडलेली नसल्याचे दिसून येते.' कोणाला दिसून आलं? कागद तर आजोबांनी स्वतः टाचणी लावून दिले होते. पुढं 'असे निदर्शनास आले आहे.' कोणाच्या निदर्शनास? तिथंही सहीच्या जागी एक गोल शिक्का.

म्हणजे भाषेवर दोष टाकून चालणार नाही. मराठीसुद्धा खुर्चीवर बसली की पहिलं काम म्हणून आपलं 'मला' काढून ड्रॉवरमध्ये ठेवते.

भिंतीवर भाच्याची पदवी फ्रेम करून लावलेली होती. वर विद्यापीठाचं नाव: संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ. १९८३ साली निघालेलं, वऱ्हाडातल्या पोरांच्या पदव्यांवर हेच नाव असतं. मी त्या नावाकडे पाहत राहिलो. अंगावर चिंध्या, डोक्यावर खापर, हातात खराटा, असा हा माणूस गावात शिरायचा आणि कुणाशी न बोलता आधी गाव झाडायला लागायचा. लोकांना वाटायचं भिकारी आहे, कुणाला वाटायचं वेडा आहे. रात्री कीर्तनाला गर्दी जमली की कळायचं, सकाळचा झाडूवाला तो हाच. त्यानं पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः त्यांत राहिला नाही. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळच त्यानं देह ठेवला. आज तोच माणूस त्याच वेषात आपल्या नावाच्या विद्यापीठाच्या फाटकाशी आला तर वॉचमन त्याला रजिस्टरमध्ये सही करायला लावील. आणि ऑनलाइन मुलाखत घेतलीच असती, तर पत्र काय आलं असतं? ॲपिअर्ड अनटायडी. मात्र खराटा बघून शेवटी लिहिलं असतं, स्ट्रक अस ॲज ट्रेनेबल.

एवढ्यात भाऊजी उठले. आतून एक पिशवी आणली. पिशवीत कापूस. घरात गहू ठेवावा तसा त्यांच्या घरात नमुन्याचा कापूस असतो.

"पाहा आता," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या शाळेत बसलो.

त्यांनी चिमूटभर रुई घेतली. दोन्ही हातांच्या अंगठ्यांत आणि बोटांत धरून अलगद ओढली. तिचे दोन भाग झाले. एक भाग दुसऱ्यावर आडवा न ठेवता सरळ ठेवला, पुन्हा ओढला. असं सात-आठ वेळा. गुंता हळूहळू सुटत गेला आणि शेवटी बोटांत राहिला तो केस विंचरावेत तसा सरळ तंतूंचा झुपका. तो त्यांनी काळ्या पँटीच्या गुडघ्यावर ठेवला. पांढरं काळ्यावर उठून दिसलं. अंगठ्याच्या नखानं लांबी मापली आणि एका श्वासात आकडा सांगितला. मग कापसाची मूठ आवळून सोडली. मूठ उघडताच कापूस फुलून वर आला. "कोरडा," ते म्हणाले. "ओला राह्यला असता तं गोया होऊन बसला असता." मग एक सरकी दाढेखाली धरली. टक् असा आवाज आला. "आयकलं? हे साउंड. कोरडी सरकी टक्कन फुटते, ओली दबते." शेवटी बोटानं कापसातली पत्ती आणि पिवळी पडलेली कवडी उचलून माझ्या तळहातावर ठेवली. "अन् हे लुक."

लुक, फील, साउंड, तिन्ही कारकून भाऊजींच्या एका हातात कामाला होते. आणि प्रत्येकाला आपला पुरावा दाखवावा लागत होता.

"आता खरं सांगतो मास्तर," त्यांनी आवाज खाली आणला. "म्या तीस वर्सं घेनाऱ्याच्या बाजूनं काम केलं. खेडा खरेदीले जाव. शेतकऱ्याच्या अंगनात कापसाचा ढीग. माल एक नंबर. पन एक नंबर म्हटलं का भाव चढला. मंग काय करायचं? मूठभर घ्यायचा, नाकाजवळ न्यायचा, तोंड जरासं वाकडं करायचं, अन् म्हनायचं, 'भाऊ, ओला वाटून रायला.' बस. ओला हाय असं नाई म्हनायचं. 'हाय' म्हटलं तं थो म्हनन, दाखव. 'वाटून रायला' म्हटलं तं थो काय दाखवन? शंभर रुपये तिथंच उतरत."

खोलीत कूलरचाच काय तो आवाज राहिला. सासूबाई म्हणाल्या, "पाप हाय रे."

"हाव ना," भाऊजी म्हणाले. "पन माय, तिथंबी म्या समोर उभा राहत होतो. मले वाटते म्हनत होतो. शेतकरी माह्या हाताले धरून म्हने, तुले काहून वाटते, पाह्य, अन् सरकी माह्या दाताखाली द्ये. कधी कधी हरत होतो म्या. मंग ओलावा मोजाची मशीन आली. आठ टक्के, दहा टक्के, बारा टक्के. मशीन लावली का वाटनं संपलं." त्यांनी कंपनीच्या पत्रावर बोट ठेवलं. "हे घेनाऱ्याचं पत्र हाय. पोरगा त्यायले पाह्यजे. पायजे नसता तं एका ओळीत नाई म्हटलं असतं. सहा ओळी कोन लिवते? भाव पाडून रायले थे."

मी वाद घालणार होतो. पण अमरावतीचा माणूस या बाबतीत फार बोलू शकत नाही. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि लिव्हरपूलच्या दलालांना आमची काळी माती एकदम गोड लागायला लागली. १८७० मध्ये खामगावला आणि पुढच्या वर्षी अमरावतीला कापसासाठी रेल्वेचे फाटे आले. लिव्हरपूलच्या बाजारात या भागातल्या कापसाचं नाव पडलं 'ऊमरा'. अमरावती त्यांच्या कानाला तशी ऐकू आली असणार. तिथं त्या कापसाच्या प्रती लावल्या जायच्या: फेअर, गुड फेअर, गुड. ज्यानं तो पिकवला त्याला यातलं एक अक्षर कळत नव्हतं. प्रभाव या अर्थाचा इंप्रेशन हा इंग्रजी शब्दही मुळात दाबण्यावरून, प्रेसवरून आलेला. आपणही छाप पडली, ठसा उमटला म्हणतो. वऱ्हाडात प्रेस म्हटलं की अजूनही छापखान्याच्या आधी जिनिंग-प्रेसिंग आठवतं. रुई दाबायची, गाठ बांधायची, वर छाप मारायची. कापसानं स्वतःबद्दल काय वाटतं ते सांगायची सोय त्या गाठीला नव्हती.

इंग्रजी आमच्याकडे शेक्सपिअर हातात घेऊन आली असं मला कॉलेजात शिकवलं होतं. ती आधी तराजू घेऊन आली होती. मग तिच्याकडे 'वाटून रायला'ची एवढी क्रियापदं साठली यात नवल काय?

रात्री जेवताना भाच्यानं विचारलं, "मामा, मग आता करू काय?"

मी म्हटलं, काही नको करू. फोन आला तर घाम पूस.

फोन आठव्या दिवशी आला. मी तेव्हा अमरावतीला होतो, हकिकत ताईनं सांगितली, त्यामुळे तिच्यात थोडं तूप जास्त पडलं असेल. कंपनी घ्यायला तयार होती. पगार मात्र आधी म्हटल्यापेक्षा महिन्याला दोन हजार कमी, कारण शिकवावं लागणार. भाऊजी शेजारच्या खुर्चीत बसून हवेत मूठ आवळून सोडत होते. कूलर चालूच होता, पंखाही, खिडकीही उघडी. भाचा दोन सेकंद बोलला नाही. पलीकडून आवाज आला, "यू सीम हेजिटंट."

भाचा म्हणाला, "सर, टू हूम?"

ताई म्हणते, तिला वाटलं नोकरी गेली. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. रस्त्यावरचा भंगारवाला भोंगा वाजवत घरावरून गेला, तो पुण्यापर्यंत स्पष्ट ऐकू गेला असणार. मग तो माणूस हसला आणि म्हणाला, "टू मी, आय गेस." त्या टीममध्ये एक माणूस होता हे तेव्हा कळलं. भाच्यानं सांगितलं, की मी अडखळत नाही, ऐकून घेतो आहे. काम द्या, करून दाखवतो, तासाभरात पाहा. त्यांनी दिलं. त्यानं पाऊण तासात करून पाठवलं.

दोनपैकी दीड हजार परत आले. उरलेले पाचशे भाऊजींच्या मते घट म्हणून धरायला हरकत नाही. "एवढी घट चालते," ते म्हणाले. "कपाशीतबी पत्ती निघतेच."

पोराला पुण्याच्या गाडीत बसवायला मी पुन्हा अकोल्याला गेलो. गाडी गेली. आम्ही दोघं स्टेशनबाहेर रिक्षाची वाट पाहत उभे होतो. डोक्यावर रुमाल, रुमालावर ऊन. सावली म्हणाल तर विजेच्या खांबाची, चार बोटं रुंद, आणि तीही एक कुत्रं आधीच धरून बसलेलं. मला सवयीनं मोबाइल काढायचा मोह झाला. म्हटलं, "भाऊजी, आजबी चव्वेचाळीसच आहे. पण फील्स लाइक एक्केचाळीस."

भाऊजींनी रुमालाच्या टोकानं मानेवरचा घाम पुसला, मोबाइलकडे जराही न पाहता विचारलं:

"कोनाले?"